मुद्देमाल क्रमांक एक : गोलकीपरची स्टिक

२ सप्टेंबर, मंगळवार. रात्री ९.४०

आज ऑफिसात गोलकीपर म्हणून माझी एकमताने निवड झाली. एकमताने म्हणजे कोणी विरोध केला नाही. आमचा कप्तान हा आवक-जावकचा कारकून. त्याने चहाच्या वेळी विचारलं की जीपच्या ड्रायव्हरची बदली झाली, आता गोलमध्ये कोण उभं राहणार. सगळ्यांनी फायलींत डोकी घातली. मी हात वर केला. खरं तर पंखा कमी करायला सांगायचं होतं, पण सगळे एकदम इतके खूश झाले की नंतर पंख्याचं बोलणं बरं दिसलं नसतं.

सामना १२ ऑक्टोबरला, रविवारी. आम्ही वजनमापे खातं, समोर पाणीपुरवठा. गेल्या वर्षी ६-० ने हरलो. त्यांनी अधीक्षकांचा जावई खेळवला होता. चोवीस वर्षांचा, मांड्या अशा की पॅन्ट शिवणाऱ्याने जादा कापड मागावं. नियमात बसतं म्हणे. कर्मचारी किंवा त्यांच्या घरचं कोणीही. असले नियम करणाऱ्याला काय म्हणावं.

अनुभव मला आहेच. कॉलेजात तीन वर्षं हॉकीच्या टीमबरोबर होतो. फोटो आहे. उजव्या टोकाला, बादलीशेजारी.

आता खरा हेतू लिहून ठेवतो, ही रोजनिशी कोणी वाचत नाही म्हणून. आमची कन्या सतरा वर्षांची, कॉलेजच्या टीमची गोलकीपर. म्हणजे होती. जुलैत सेमीफायनलच्या शेवटच्या मिनिटाला बॉल तिच्या दोन पायांमधून गेला. परत येताना स्कूटरवर मी तिला तिच्या अकरा चुका शांतपणे, क्रमवार समजावून सांगितल्या. तेव्हापासून पॅड, हेल्मेट, स्टिक सगळं माळ्यावर. हॉकीचं नाव काढत नाही आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. ही म्हणते, तुमच्यामुळे. माझ्या मते वयामुळे. तर मला गोलमध्ये उभं बघितलं की पोरगी आपणहून माळ्यावर चढेल आणि सामान खाली काढेल. ते झालं पाहिजे. घर फार शांत झालंय.

जेवताना बातमी सांगितली. तिने ताटातून वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. परिणाम सुरू झालेला दिसतो.

संकल्प : रोज साडेपाचला उठून धावणं. चहात साखर अर्धी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, योग्य स्टिक निवडणं.

३ सप्टेंबर. सकाळी ८.१५

गजर झाला. मी तो नीट ऐकला. पडल्या पडल्या विचार केला की योग्य स्टिक हातात नसताना शरीराला सवयी लावल्या तर त्या चुकीच्या लागतील, आणि मोडताना दुप्पट त्रास. धावणं स्टिक आल्यावर.

साखर पूर्ण घेतली, कारण धावलो नाही तर अर्धी कशाच्या जोरावर घ्यायची हे मला पटेना.

५ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस वाचन. लोकांना वाटतं काठी ती काठी. गोलकीपरची स्टिक वेगळीच असते. दांड्याला बाक असतो, म्हणजे बॉल अडवायला जागा जास्त. एक बाकाची निराळी, दोन बाकांची निराळी. शिवाय लांबी, वजन, कार्बन किती, फायबर किती. उजव्या हातात एकट्याने धरायची, म्हणून वजन हा सगळ्यांत नाजूक मुद्दा. आणि वजनाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. एकोणीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासतोय.

लांबी ठरवायच्या तीन पद्धती सापडल्या. हिला टेप धरायला लावली. तीन पद्धतींनी तीन उत्तरं आली : छत्तीस, साडेछत्तीस, सदतीस इंच. ही म्हणाली, पोट आत ओढून मोजू नका, श्वास सोडा आता. वर हेही म्हणाली की टेपवरचे आकडे तुम्ही हातभर लांब धरून वाचताय, चष्मा करून घ्या. चष्म्याचा इथे काही संबंध नाही. हल्ली छपाईच बारीक करतात.

७ सप्टेंबर, रविवार

आज पहिली प्रॅक्टिस होती. गेलो नाही, क्रीडासाहित्याच्या दुकानात गेलो. दोन्ही एका वेळी होत नाही.

दुकानदाराने मला ओळखलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या शेजारच्या किराणावाल्याचा काटा मी जप्त केला होता, ते त्याच्या लक्षात होतं. त्याने स्टूल दिलं, चहा मागवला. चहा मी नाकारला. तपासणाऱ्याने दुकानातला चहा घेतला की काटा तिथेच झुकतो. स्टूल घेतलं, कारण तीन तास लागले.

चौदा स्टिका हातात घेतल्या. आरशासमोर गोलकीपरच्या पवित्र्यात बसूनही पाहिलं. तिसऱ्यांदा बसताना पॅन्टची शिवण गेली. दुकानदाराने मोठ्या मनाने दुसरीकडे बघितलं. उरलेला वेळ भिंतीला पाठ लावून स्टिका पाहिल्या. आज निर्णय नाही. घाईत निवडलेली स्टिक सामन्याच्या दिवशी दगा देते.

१० सप्टेंबर, बुधवार

तक्ता तयार केला. अठरा स्टिका, नऊ रकाने. साहेबांनी मागून येऊन बघितला आणि म्हणाले, छान, तिमाही अहवाल वाटतं. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

कप्तान विचारायला आला की प्रॅक्टिसला कधी येताय. म्हणालो, सध्या अभ्यास चालू आहे. तो म्हणाला, हरकत नाही, तोवर आम्ही गोलमध्ये रेकॉर्डरूममधली मोडकी खुर्ची ठेवतोय. रविवारी तिने चार गोल अडवले.

लोकांची खेळाकडे बघायची दृष्टी ही अशी.

१४ सप्टेंबर, रविवार

आज कन्येला म्हणालो, दुकानात चल, तुझं मत घेऊ. तिला सामील करून घ्यायचा डाव होता. ती दप्तर आवरत म्हणाली, बाबा, बॉल पॅडने अडवायचा असतो, स्टिक सगळ्यात शेवटी येते, आधी पाय हलायला हवेत.

मी तिला समजावलं की हा प्राथमिक गैरसमज आहे, आणि तक्त्यातला सातवा रकाना, कुठल्या स्टिकने किती बॉल अडतात तो, दाखवायला आणायला गेलो. येईपर्यंत ती आत गेली होती. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, दोन महिन्यांनी पोरगी हॉकीबद्दल एक वाक्य बोलली आणि तुम्ही तक्ता आणायला गेलात. मी म्हणालो, सातवा रकाना फारच स्पष्ट आहे. ही कुकरकडे वळली.

दुकानात एकटाच गेलो. आज पाच स्टिकांवर आलो. पुढच्या आठवड्यात दोनवर.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७.३०

निवडली.

साडेछत्तीस इंच, दोन बाक, पांढरी, पकडीला काळी ग्रिप. स्टिकरवर छापलेलं वजन ५३० ग्रॅम. हातात घेतली आणि कळलं की हीच. लग्नाच्या वेळीसुद्धा इतकी खात्री नव्हती (हे हिला सांगायचं नाही). दुकानदाराने सुटकेचा निःश्वास सोडला. बहुतेक माझ्या निर्णयाचं समाधान त्यालाही झालं असावं.

घरी आणून दिवाणखान्यात कपाटाला टेकवून ठेवली. कन्या पाणी प्यायला आली, दोन पावलं थांबली, तिने स्टिकच्या टोकाकडची वक्राकार बाजू बोटाने चाचपली आणि गेली. मी वर्तमानपत्राआडून पाहिलं. इतकं बरं वाटलं की तीच बातमी दोनदा वाचली.

सोमवारपासून धावणं. नक्की.

२२ सप्टेंबर, सोमवार

धावणं नाही. महत्त्वाचं घडलं.

सहज म्हणून स्टिक ऑफिसात नेली. सगळ्यांना दाखवून झाल्यावर प्रयोगशाळेतल्या बाईंना म्हणालो, एकदा काट्यावर ठेवा. आमचा काटा म्हणजे ज्याच्यावरून बाकीचे काटे तपासतात तो. आकडा आला ५६१.

पुन्हा ठेवली. ५६१. बाईंनी हातमोजे बदलून तिसऱ्यांदा ठेवली. ५६१.

छापील ५३०, भरली ५६१. एकतीस ग्रॅमचा फरक. जी काय सूट असते तिच्या कितीतरी बाहेर. मी खुर्चीत बसलो. खेळाडू म्हणून एकतीस ग्रॅम मी पोटात घातले असते. पण मी फक्त खेळाडू नाही.

दुपारी दोन पंच घेऊन दुकानात गेलो, पैकी एक कप्तान. तो वाटेत तीनदा म्हणाला, राहू दे ना. त्याच जातीच्या आणखी सहा स्टिका काट्यावर ठेवल्या, सगळ्या पाचशे साठच्या आसपास. दुकानदार म्हणाला, साहेब, तीनदा येऊन बसून तुम्हीच निवडलीत. नंतर म्हणाला, आणि वजन जास्तच दिलंय ना. मी त्याला सांगितलं की कमी असो की जास्त, चूक ती चूक. पंचनामा केला. सातही स्टिका कापडात गुंडाळल्या, सुतळी बांधली, गाठींवर लाख ओतून खात्याचा शिक्का मारला. गुंडाळण्याआधी स्टिकरांवरही लाखेचा एकेक ठिपका दिला होता, कोणी खाडाखोड करू नये म्हणून. इतका सुबक पंचनामा मी वर्षभरात केला नव्हता. अक्षरही चांगलं आलं.

संध्याकाळी ६.१०. लाख वाळल्यावर लक्षात आलं की मुद्देमाल क्रमांक एक ही माझी स्टिक आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

घाबरण्यासारखं काही नाही. सुनावणी २४ नोव्हेंबरला. सामना १२ ऑक्टोबरला. मधला काळ स्टिक मुद्देमालाच्या कपाटात राहणार. शिक्का सुनावणीआधी तोडला तर गुन्हा, आणि तो पकडायचं काम माझ्याकडेच.

साहेबांकडे अर्ज केला : क्रमांक एकचा मुद्देमाल खात्याच्या प्रतिष्ठेसाठी एका दिवसापुरता मिळावा. साहेबांनी वाचला आणि त्यावर लिहिलं, संबंधित निरीक्षकांचा अभिप्राय घ्यावा. अर्ज तासाभराने आवक-जावकमधून माझ्या टेबलावर आला. संबंधित निरीक्षक मीच.

२४ सप्टेंबर

रात्रभर विचार केला. अभिप्राय दिला : मागणी नियमात बसत नाही, अर्जदाराने असा अर्ज करणंच अनुचित, समज देण्यात यावी. सही केली.

अर्जदार म्हणून वाईट वाटलं. पण अधिकारी म्हणून असा माणूस खात्यात आहे याचा अभिमान वाटला. हिला सांगितलं तर ती पोळी लाटायची थांबली आणि म्हणाली, तुम्ही स्वतःला समज दिलीत. मी म्हणालो, लेखी.

आतून कन्येच्या हसण्याचा आवाज आला. मोबाइलवर काहीतरी बघत असावी.

२८ सप्टेंबर, रविवार

गावात क्रीडासाहित्याचं दुसरं एकच दुकान. मी कोपऱ्यावर स्कूटर लावली तोवर शटर अर्ध्यावर आलं होतं. आतून मालकाने कळवलं की आज माल मोजणी आहे. उद्याही आहे. ऑक्टोबरभर आहे.

तिथून प्रॅक्टिसला गेलो. कप्तानाने साधी स्टिक पुढे केली. मी नम्रपणे नाकारली, ती गोलकीपरची नव्हती. कडेला उभं राहून निरीक्षण केलं. खुर्ची डाव्या बाजूला कमकुवत आहे, पण तिचा पवित्रा ढळत नाही. आज तिने सहा अडवले. शेवटी कोणीतरी तिच्यावर टोपी ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

४ ऑक्टोबर, शनिवार

आठ दिवस उरले. पॅड तरी लागणारच, म्हणून आज शिडी लावून माळ्यावर चढलो. कन्येचं सगळं सामान तिथे एका चादरीत बांधलेलं. गाठ सोडली. पॅडवर जुलैचा चिखल तसाच वाळलेला होता. मी थोडा वेळ तिथेच बसलो, शिडी हलत होती म्हणून.

चादरीत तिची स्टिकही होती. पस्तीस इंच, म्हणजे मला आखूडच. लाकडी, एकच बाक, दांड्याला तडा, त्यावर चिकटपट्टीचे चार थर. पकडीवर बॉलपेनने लिहिलंय : पुढचा. हा काहीतरी मॉडेलचा प्रकार असावा, तक्त्यात असं नाव नव्हतं.

खाली आलो तर ती शिडी धरून उभी. कधीपासून होती देव जाणे. विचारलं, नेऊ का. ने म्हणाली. मग म्हणाली, एक अट, या स्टिकचं वजन करायचं नाही. मी म्हणालो, प्रश्नच नाही. ती म्हणाली, बाबा, शब्द दे. दिला.

शब्द द्यायला लावणं जरा जास्त झालं. माझ्यावर इतका अविश्वास का?

११ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ५.५०

घरात सराव. मी पॅड, हेल्मेट घालून पॅसेजमध्ये, ही टोकाला बसून टेनिसचे बॉल घरंगळवत होती. अकरापैकी नऊ सुटले. हेल्मेटमधून खालचं दिसत नाही, हा हेल्मेट बनवणाऱ्यांचा दोष. पॅड चढवले की मी इतका रुंद होतो की बाथरूमचं दार बंद झालं आणि बेसिनवरचा साबण पडला.

आवाज ऐकून कन्या बाहेर आली. भिंतीला टेकून दोन बॉल पाहिले. मग पुढे येऊन तिने आपल्या पायाने माझं उजवं पाऊल आत सरकवलं, गुडघ्यामागे टिचकी मारली, तसे गुडघे आपोआप वाकले. आत गेली आणि दार लावून घेतलं. पुढचे तीन बॉल अडले.

ही म्हणाली, उद्या ती येतेय. मी म्हणालो, कुठे. म्हणाली, सामान बघायला.

उद्याचे संकल्प : शांत डोकं. जावयाच्या डोळ्यांत रोखून बघणं. एकही गोल नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी ७.१५. पॅड चढवले. आत्मविश्वास उत्तम.

सकाळी ७.२०. डावा उजव्याला होता. बदलले.

दुपारी ३.००. आता सगळं लिहितो.

पहिला गोल तिसऱ्या मिनिटाला. ऊन डोळ्यांवर होतं. दुसरा लगेच, पहिल्याचा विचार करत असताना. तिसरा जावयाने मारला. त्याच्या डोळ्यांत रोखून बघत होतो, बॉल खालून गेला. चौथा आणि पाचवा दोन पायांमधून. दोन्ही. अगदी तसेच, जसा तिचा जुलैत गेला होता. बॉल येताना दिसतो, पाय मिटायचे आहेत हे कळतं, आणि पाय कोणाचे तरी दुसऱ्याचे असल्यासारखे तसेच उभे राहतात. हे मला कधी माहीतच नव्हतं. मी त्यावर स्कूटरवरून अकरा मुद्दे बोललो होतो.

मध्यंतर. ०-५. कप्तान जवळ आला, बराच वेळ बुटाची लेस बांधत राहिला. मग वर न बघता म्हणाला, खुर्ची गाडीतच आहे, तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर. सगळ्या टीमने इकडेतिकडे बघितलं. मी म्हणालो, वाईट कसलं. वाटलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

तेवढ्यात कन्या प्रेक्षकांतून उतरून मैदानात आली. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून माझ्या पॅडचे पट्टे सोडायला लागली. कप्तानाला म्हणाली, काका, घरचं कोणीही चालतं ना. पाणीपुरवठ्याचे अधीक्षक हरकत घ्यायला पुढे आले, पण त्यांचा जावई त्यांच्याच शेजारी संत्रं सोलत उभा होता. ते तसेच मागे गेले.

पॅड घालता घालता मी तिला विचारलं की स्टिकवर पुढचा असं का लिहिलंय. ती म्हणाली, गेलेल्याचा विचार केला की दुसरा जातो, म्हणून फक्त पुढचा बॉल. म्हणाली, जुलैत मी ते विसरले होते. सामन्यात नव्हे, स्कूटरवर मीच तिला ते विसरायला लावलं होतं, पण हे ती म्हणाली नाही, मी इथे लिहितोय.

दुसऱ्या हाफमध्ये नऊ फटके आले. आठ तिने अडवले. सात पॅडने, एक स्टिकने, तोही अगदी शेवटी, आडवी पडून. सातवा रकाना साफ चुकीचा होता. एक गोल गेला, तेव्हा तिने स्टिकच्या पकडीकडे बघितलं आणि पुन्हा वाकून उभी राहिली. आमच्याकडून कप्तानाने एक मारला. चार वर्षांतला खात्याचा पहिला गोल. ६-१ ने हरलो, आणि साहेब असे नाचले की त्यांचा चष्मा पडला.

मी कडेला होतो. पाणी देत होतो. बाटल्या कोणीतरी द्यायलाच हव्यात.

परत येताना स्कूटरवर ती मागे, मांडीवर पॅड. पहिल्या चौकापासून मी वाट बघत होतो. पाच गोल खाल्ले होते मी, चुका काय थोड्या होत्या? मी तर मनात यादीही करून ठेवली होती, ती सांगेल तेव्हा मान डोलवायला. पेट्रोलपंप गेला, शाळा गेली, पूल गेला. तिने एकही सांगितली नाही. पुलावर म्हणाली, भूक लागलीय, बस.

घराच्या वळणावर मीच म्हणालो की त्या दिवशी मी तुला अकरा चुका सांगितल्या होत्या. ती म्हणाली, बारा. अकरा स्कूटरवर, बारावी दारात चप्पल काढताना.

एकोणीस वर्षं लोकांची मापं तपासतोय, आणि हा आकडा तीन महिने चुकीचा लिहीत होतो. स्कूटर बाजूला घेतली. वळून म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, हो. मग माझ्या हेल्मेटवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, चल ना आता, भूक लागलीय म्हणाले ना.

पॅड माळ्यावर गेले नाहीत. पॅसेजमध्येच पडलेत. ही दोनदा अडखळली, पण तिने ते हलवले नाहीत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. रात्री ९.००

आज दुकानदाराचं लेखी उत्तर आलं. स्टिकरवर वजनाखाली बारीक अक्षरात छापलंय म्हणे : ग्रिप वगळून. तीच ओळ सातही स्टिकरांवर माझ्या लाखेच्या ठिपक्याखाली आहे. प्रयोगशाळेतल्या बाईंनी दुसरी ग्रिप आणून काट्यावर ठेवली. एकतीस ग्रॅम.

संध्याकाळी दुकानात जाऊन त्याची माफी मागितली. या आठवड्यातली दुसरी, सवय होतेय. खटला मागे घ्यायचं टिपण लिहिलंय, स्टिक महिन्याभरात सुटेल. कन्येला देऊ केली तर म्हणाली, नको, लांब आहे. परत येताना चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून घेतले. दीड नंबर. हिला अजून सांगितलेलं नाही.

कन्येची स्टिक मंगळवारी चिकटपट्टी बदलायला म्हणून माझ्याकडे होती. ऑफिसात नेली होती. काट्याजवळून दोनदा गेलो. वजन केलं नाही.

कप्तानाने पुढच्या वर्षीची यादी फलकावर लावलीय. नवा चष्मा यायचाय, म्हणून हातभर लांब उभं राहून वाचली. गोलकीपर : निरीक्षकांची कन्या. राखीव गोलकीपर : खुर्ची. माझं नाव सगळ्यात खाली, पुढे लिहिलंय, पाणी.

आता लपवण्यात अर्थ नाही. कॉलेजातही तेच होतं. तीन वर्षं. फोटोतली बादली माझीच.

मात्र हे काम वाटतं तितकं सोपं नाही. बाजारात निदान बावीस प्रकारच्या बाटल्या आहेत. तोंड रुंद की अरुंद, झाकण फिरवायचं की दाबायचं, धावत्या माणसाच्या हातात कुठली नीट बसते. रविवारची रिकामी बाटली आज भरून मोजली. वर छापलंय एक लिटर. भरलं नऊशे ब्याऐंशी.

तक्ता उद्यापासून.